विहारात मुलांचा वर्ग सुरू करताय? आधी हे वाचा

वर्षावास लागला की माझा फोन वाजायला लागतो. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या विहारांत संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. मोठी माणसं पांढरे कपडे घालून आत बसतात आणि पोरं बाहेर ओट्यावर धिंगाणा घालतात. मग कोणाला तरी वाटतं, या पोरांसाठी काही केलं पाहिजे. कधी बी.ए. होऊन घरी बसलेला एखादा मुलगा, कधी नुकतीच लग्न होऊन गावात आलेली सून. "सर, वर्ग सुरू करावा म्हणतो. पण शिकवायचं काय?"

मी भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात एका धानाच्या गावात बरीच वर्षं रविवारचा वर्ग घेतो. पोटापाण्याची नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत. पहिल्या वर्षी मी काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे ते तुमच्या हातून व्हायला नको. बाबासाहेबांनी धम्मदीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा पाठ करून घ्यायच्या, एवढंच ठरवून बसलो होतो. पहिल्या रविवारी विहार भरून मुलं. दुसऱ्या रविवारी निम्मी. चौथ्या रविवारी विहार समितीच्या अध्यक्षांचा नातू आणि त्याची बहीण, तीही आजोबांनी दटावून पाठवलेली. नातवाला प्रतिज्ञा येत होत्या. नववी प्रतिज्ञा, माणसं समान मानण्याची, त्यानं खणखणीत म्हटली आणि बाहेर पडता पडता मांगपुऱ्यातल्या एका मुलाला जातीवरून शिवी दिली. मी चप्पल घालत होतो, शिवी कानावर आली.

तेव्हापासून मी एक नेम पाळतो, आणि या लेखातलं बाकी सगळं त्यातूनच आलं आहे. पंचशीलातलं, म्हणजे वागण्याच्या पाच वचनांतलं, प्रत्येक शील दोनदा शिकवायचं. एकदा मुलाला स्वतःसाठी, आणि दुसऱ्यांदा गावासाठी. म्हणजे काय ते पुढे येईल.

जागा आणि परवानगी

वर्ग विहारात घेणार की शाळेत, हे आधी पक्कं करा. दोन्हींचे नियम वेगळे आहेत.

विहारात तुम्ही वंदना घ्या, त्रिशरण-पंचशील म्हणून घ्या, कोणाची हरकत नाही. समितीला तोंडी सांगून भागत नाही. बैठकीत विषय ठेवा, किल्ली कोणाकडे राहील आणि विजेचं बिल कोण भरेल हे ठरवून घ्या. आमच्याकडे पहिलं भांडण पंख्यावरून झालं होतं. महिला मंडळाला विचारायला विसरू नका, कारण मुलांना आंघोळ घालून, कपडे घालून पाठवायचं काम शेवटी त्याच करतात.

शाळेत मात्र संविधानाचा अनुच्छेद २८ लक्षात ठेवायचा. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत बसवता येत नाही. बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते तिनंच तयार केलेलं हे संविधान आहे, तेव्हा निदान आपण तरी ते वाकवू नये. बुद्धाबद्दल शिकवणं आणि बुद्धवंदना म्हणून घेणं या दोन गोष्टी वेगळ्या. इतिहासाच्या तासाला सम्राट अशोक शिकवा, नागरिकशास्त्रात अस्पृश्यता संपवणारा अनुच्छेद १७ शिकवा, परिपाठाला संविधानाची प्रास्ताविका होतेच. ती नुसती म्हणून घेऊ नका, दर आठवड्याला तिच्यातल्या एका शब्दावर दहा मिनिटं बोला. 'बंधुता' या शब्दावर आमची सातवी दोन आठवडे अडकली होती. ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरच्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितलं होतं की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतली नाहीत, आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली. हे शाळेत इतिहास म्हणून सांगता येतं आणि सांगावंच.

वार, वेळ, हंगाम

रविवार सकाळी आठ ते नऊ. एक तासाच्या वर एक मिनिट नको.

हंगामाचं गणित गावागणिक बदलतं. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये रोवणा, म्हणजे धानाची लावणी. आई पहाटे बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर जाते, मोठी मुलगी घरी लहान भावंडं सांभाळते. तिला "भावाला घेऊनच ये" म्हणा, नाहीतर सहावीच्या वरच्या मुली तुमच्या वर्गात दिसणारच नाहीत. यवतमाळ-अमरावतीकडे दिवाळीनंतर कापूस वेचणी असते, तिकडे रविवारी शाळेला सुटी म्हणजे पोरं शेतात. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुलं आणि मग तेंदूपत्ता. मे महिन्यात वर्ग बंदच ठेवा. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेल्यावर टिनाच्या विहारात कोणाला सम्यक काही सुचत नाही.

तीन मुलं आली तरी वर्ग घ्यायचा. एक दिवस बुडवला की पुढच्या रविवारी मुलं आधी तुमच्या घरी येऊन विचारतात, "आज हाय का?"

बसायचं कसं

हा भाग लोक उडवतात, म्हणून मी जरा रेंगाळतो.

गोल बसायचं. तुम्हीही दरीवरच. खुर्ची आणून देणारे हमखास असतात, त्यांना हात जोडायचे. ओळीत बसवलं की पुढे कोण बसतं ते दोन आठवड्यांत दिसतं. ज्यांचे कपडे इस्त्रीचे ती पुढे, वीटभट्टीवरून आलेली मागे. झाडायची पाळी लावा आणि त्या यादीत पहिलं नाव तुमचं टाका. विहार झाडणं हे मुलींचं काम, असं मुलं घरूनच शिकून आलेली असतात. आमच्या एका सातवीच्या पठ्ठ्यानं फडा हातात घ्यायला साफ नकार दिला, "हे बायकाईचं काम हाय." मी त्याला उपदेश केला नाही. बुद्धाच्या संघातल्या सुनीत थेराची गोष्ट सांगितली. थेरगाथेत, म्हणजे जुन्या भिक्खूंच्या गाथांच्या संग्रहात, सुनीत स्वतःच सांगतो, मी हलक्या कुळात जन्मलो, वाळलेली फुलं झाडून टाकायचं माझं काम, लोक मला हिणवायचे. बुद्ध समोरून आले, त्यानं ओझं खाली टाकलं आणि तो वंदन करायला पुढे गेला. बुद्ध त्याला "ये भिक्खू" म्हणाले. गोष्ट संपल्यावर मीच झाडायला लागलो. तिसऱ्या रविवारी पठ्ठ्या स्वतःहून उठला, तोंड वाकडं करून, पण उठला.

छडी वर्गात नको. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत शारीरिक शिक्षेला बंदी आहे. विहाराला तो कायदा लागू होवो न होवो, पहिलं शील तर लागू आहे.

वयाप्रमाणे दोन गट करा. तिसरी ते पाचवी, आणि सहावी ते आठवी. नववी-दहावीची मुलं आली तर त्यांना विद्यार्थी म्हणून बसवू नका, लहान गटाला गोष्ट सांगायचं काम द्या. त्यांना ते आवडतं, आणि गोष्ट सांगायची म्हटलं की आधी ती नीट वाचावी लागते.

पहिला तास

सुरुवातीला दोन मिनिटं डोळे मिटून श्वास मोजायचे, दहापर्यंत. ध्यान, विपश्यना असे मोठे शब्द वापरू नका. "श्वास मोजा, चुकलं तर परत एकपासून" एवढंच. एकजण हसेल, मग सगळे हसतील. हसू द्या. तिसऱ्या-चौथ्या रविवारी आपोआप थांबतं.

मग त्रिशरण. त्यानंतर पंचशीलातली फक्त एक ओळ, अर्थासह. पहिल्या महिन्यात 'पाणातिपाता वेरमणि सिक्खापदं समादियामि', म्हणजे जीव न मारण्याचं शील, एवढंच. यातला 'सिक्खापदं' हा शब्द फोडून सांगा, सगळी गंमत त्यात आहे. सिक्खा म्हणजे शिकणं. शील हा वरून आलेला हुकूम नव्हे, मी हे शिकेन असं आपणच आपल्याला दिलेलं वचन आहे. सायकल शिकताना पडतो तसं यातही पडणं आहे, हे मुलांना लगेच पटतं.

मग गोष्ट, दहा मिनिटं. गोष्टीवर बोलणं, पंधरा मिनिटं. उरलेल्या वेळात काहीतरी हातानं करायचं, चित्र, नाटुकलं, नाहीतर सरळ कबड्डी. शेवटी मैत्री भावना, म्हणजे मनात भलं चिंतणं, आपल्यासाठी, घरच्यांसाठी, आणि ज्याच्याशी या आठवड्यात भांडण झालं त्याच्यासाठी. हा तिसरा भाग आला की वर्ग एकदम गप्प होतो.

पाच शीलं, दोन-दोनदा

पहिलं शील घेतलं की प्रश्न येणारच. "सर, मुंगी मेली तं?" "मंग साप चावला तं मरू द्याचं का?" आणि आमच्याकडे तलावाची मासोळी घरोघरी असते, त्यामुळे, "मासोळी खाणं पाप हाय का?" घाबरू नका आणि खोटंही बोलू नका. मी सांगतो, मारण्याची इच्छा आणि नाइलाज यात फरक आहे. साप निघाला तर सर्पमित्राला बोलवायचं. खाण्यावरून कोणाच्या घराला नावं ठेवायची नाहीत, त्यात भिल्ल-गोंडांचं घर आलं, ढिवरांचं आलं आणि आपलंही आलं. विनाकारण मारणं आधी थांबवूया, गुलेरनं (गलोलीनं) पाखरं मारणं, कुत्र्याला दगड, बैलाला तुतारी (टोचायची काठी). पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, मुलं लाकडी बैल सजवून दारोदार जातात. त्या आठवड्यात खऱ्या बैलाच्या पाठीवरचे वळ हा विषय घ्या, वेगळी तयारी लागत नाही. हे झालं स्वतःसाठी. गावासाठी म्हणून विचारा, आपल्या गावात कोण कोणाला मारतं? मुलं आधी दारुड्या नवऱ्यांवर येतात, मग शाळेवर येतात, मग गप्प होतात. तिथं थांबा. नावं घ्यायची नाहीत, हा नियम आधीच सांगून ठेवलेला असावा.

दुसरं शील सगळ्यात सोपं वाटतं आणि तिथंच वर्ग रंगतो. 'अदिन्नादाना' म्हणजे जे दिलेलं नाही ते घेणं. मुलं पेन, आंबे, बोरं सांगतात. मग फळ्यावर लिहा, रोवण्याची मजुरी ठरली त्यापेक्षा कमी दिली तर ती चोरी की नाही? तारेवर आकडा टाकला तर? दुसऱ्याच्या धुऱ्यातून (बांधातून) दरवर्षी नांगराचं एक तास, म्हणजे एक चर, आत घेतलं तर? एका वर्षी मी घरून विचारून यायला सांगितलं, बांधीवर आईचा रोज किती आणि बाबाचा किती. पुढच्या रविवारी बहुतेकांनी आईचा रोज कमी सांगितला. एक मुलगा म्हणाला, "बाबा पेंड्या फेकते, आई दिवसभर वाकून असते." समान कामाला समान वेतन हे संविधानाच्या अनुच्छेद ३९ मध्ये आहे आणि १९७६ मध्ये त्यावर कायदाही झाला, हे मी त्याच दिवशी सांगितलं. मुलं घरी जाऊन बोललीच. दोन शेतकरी माझ्यावर महिनाभर फुगून होते. त्यातला एक आमच्याच समाजाचा. तयारी ठेवा.

याच शीलाबरोबर दीघ निकाय या बुद्धाच्या उपदेशांच्या संग्रहातल्या कूटदंत सुत्तातली गोष्ट सांगा, ती विदर्भात सांगण्यासारखी दुसरी नाही. एका राजाच्या राज्यात चोऱ्या, लूटमार वाढते. त्याला मोठा यज्ञ करायचा असतो. त्याचा पुरोहित म्हणतो, लोकांना पकडून, मारून, हाकलून हे थांबायचं नाही, उरलेले पुन्हा त्रास देतील. त्यापेक्षा जो शेती करतो त्याला बियाणं आणि दाणा दे, व्यापार करतो त्याला भांडवल दे, जो चाकरी करतो त्याला पोटापुरतं वेतन दे. राजा तसं करतो आणि लोक दारं उघडी टाकून झोपायला लागतात. इथं गोष्ट थांबवून विचारायचं, आपल्या गावात बियाण्याला पैसे कोण देतं? कृषी केंद्रवाल्याची उधारी, सावकार, बचत गट, सोसायटी, सगळं मुलांना माहीत असतं. ज्या घरात कर्जापायी माणूस गेला आहे त्या घरचं मूल वर्गात असेल तर हा प्रश्न विचारू नका, गोष्टीवरच थांबा. कोणतं घर, ते तुम्हाला माहीत असतंच.

तिसरं शील, लैंगिक गैरवर्तन टाळण्याचं, लोक गाळतात, किंवा डोळे खाली करून घाईघाईनं म्हणून घेतात. गाळू नका. लहान गटाला एवढंच सांगा की माझं शरीर माझं, दुसऱ्याचं त्याचं. नको असलेला स्पर्श झाला तर ओरडायचं, पळायचं, विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगायचं. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक विहाराच्या भिंतीवर रंगवून घ्या. मोठ्या गटात मुलींच्या छेडीवर, मोबाइलवर फिरणाऱ्या फोटोंवर, अठराच्या आतल्या लग्नावर बोला. हा तास एखाद्या ताईनं घ्यावा, गावातल्या आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई असतील तर उत्तम. एकट्या पुरुष शिक्षकानं एकट्या मुलाला किंवा मुलीला कधीच थांबवून घेऊ नये, दार उघडं, दुसरं मोठं माणूस हजर. हा नियम तुम्ही कितीही चांगले असलात तरी तुम्हाला लागू.

चौथ्या शीलासाठी, खोटं न बोलण्याच्या, एक गडवा (तांब्या) आणि एक आरसा आणा. मज्झिम निकायात बुद्धानं आपल्या मुलाला, राहुलाला, दिलेला उपदेश आहे. राहुल तेव्हा तुमच्या वर्गातल्या पोरांएवढाच. बुद्ध पाय धुवून झाल्यावर भांड्यात थोडंसं पाणी ठेवतात आणि विचारतात, राहुल, हे थोडं पाणी दिसतं ना? जाणूनबुजून खोटं बोलण्याची ज्याला लाज नाही, त्याचं श्रमणपण (साधूपण) एवढंसंच. मग ते पाणी फेकतात, भांडं पालथं करतात, सुलटं करून रिकामं दाखवतात, आणि दरवेळी तेच विचारतात. हे बोलून दाखवू नका, करून दाखवा. मी पाणी फेकलं तेव्हा पुढे बसलेली चिमुरडी "अव्वा!" म्हणून मागे सरकली होती. वर्षभरानंतर तिला पाली ओळ आठवत नव्हती, गडवा आठवत होता. पुढे बुद्ध विचारतात, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तसं काम करण्याआधी, करताना आणि करून झाल्यावर पाहावं, यानं मला किंवा दुसऱ्याला इजा होते का. आरसा फिरवा, प्रत्येकानं त्यात पाहून एक गोष्ट मनात आठवायची. मोठ्यानं सांगायची सक्ती नाही.

गावासाठीचं चौथं शील म्हणजे जातीवरून टोमणे, टोपणनावं आणि व्हॉट्सॲपवर ढकललेले मेसेज. इथं कालाम सुत्त घ्या, परंपरेनं आलं म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका. एक हुशार मुलगी म्हणाली, "मंग तुम्ही सांगता म्हणूनबी मानाचं नाई ना?" तिला शाबासकी द्या. आणि पुढचंही सांगा. त्याच सुत्तात बुद्ध म्हणतात की लोभ, द्वेष, मोह यातून माणसाचं भलं होतं की नुकसान, ते स्वतः तपासून पाहा. नाहीतर गृहपाठ न करायलाही पोरं कालाम सुत्त पुढे करतात, माझ्या वर्गात केलं आहे.

नशा टाळण्याच्या पाचव्या शीलात माझी सगळ्यात मोठी चूक झाली. मी विचारलं, "ज्याच्या घरी दारू पितात त्यांनी हात वर करा." पाच-सहा हात वर झाले. सहावीतल्या एका मुलीनं हात वर केला नाही. शेजारच्या मुलानं तिचा हात धरून वर केला, आणि सगळे हसले. ती पुन्हा आली नाही. मी दोनदा घरी गेलो, आई म्हणाली, "तिले बरं वाटत नाई." म्हणून सांगतो, मुलाला त्याच्या बापाविरुद्ध कधीही उभं करू नका. दारूची गोष्ट दूरची घ्या, आणि मुलाच्या स्वतःच्या हातातली गोष्ट जवळून घ्या. ती आहे खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटून केलेली पुडी. विदर्भात पाचवं शील खर्ऱ्यापासूनच सुरू करावं लागतं. आठवीतली पोरं पानठेल्यावरून बाबासाठी पुडी आणतात, वाटेत चिमूटभर तोंडात टाकतात. जीभ बाहेर काढायला लावून तपासणी करू नका. तोंड पूर्ण उघडून तीन बोटं उभी आत जातात का, हा खेळ म्हणून सगळ्यांनी करायचा, तुम्हीही. ज्याचं तोंड उघडत नाही त्याला तिथं काही म्हणू नका, नंतर घरी जाऊन बोला आणि ग्रामीण रुग्णालयात दाखवायला सांगा. आणि तुम्ही स्वतः खर्रा खात असाल तर वर्ग सुरू करण्याआधी तो सुटतो का पाहा. पोरांना वास येतो.

जात शिकवायची कशी

अन्याय समजावा म्हणून मुलांकडून 'अस्पृश्य' आणि 'सवर्ण' असं नाटक करून घेणारे शिक्षक मी पाहिले आहेत. करू नका. ज्या मुलाला खाली बसवाल ते मूल खेळ संपल्यावरही खालीच बसलेलं असतं. मी उलटं करतो, तहानलेला मीच होतो. वर्गाच्या सुरुवातीला सांगतो, आज मी पाण्याच्या गुंडाला (हंड्याला) हात लावणार नाही, कोणी ओतून दिलं तरच पिणार. पोरं आधी धावून धावून देतात. अर्ध्या तासात विसरतात. मी मागत नाही. शेवटी घसा कोरडा पडलेल्या आवाजात साताऱ्याच्या शाळेतल्या भीमाची गोष्ट सांगतो. घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसायचं, नळाला हात लावायचा नाही, शिपायानं नळ सोडला तरच पाणी, आणि शिपाई आला नाही तर पाणी नाही. बाबासाहेबांनी हे आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. तेवढ्यात कोणीतरी उठून गडवा भरतं.

तिथून २० मार्च १९२७ चं चवदार तळं एका पावलावर आहे. आणि संविधानाचा अनुच्छेद १५ पण, ज्यात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा नावानिशी उल्लेख आहे. लहान मुलांना कायद्यात 'विहीर' हा शब्द सापडला की भारी आनंद होतो.

पाण्याचीच दुसरी गोष्ट रोहिणी नदीची. सिद्धार्थाचे शाक्य आणि शेजारचे कोलिय, दोघांची शेतं त्याच पाण्यावर, पाणी कमी पडलं, शिवीगाळ, मग शस्त्रं. बाबासाहेबांच्या मांडणीप्रमाणे सिद्धार्थानं या युद्धाला शाक्यांच्या संघाच्या सभेत विरोध केला आणि त्यापायीच त्याला घर सोडावं लागलं. भंडारा-गोंदियाकडे मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाटावरून, पाणी आधी कोणाच्या बांधीत, यावर दर दोन-तीन वर्षांनी फावडी उगारली जातात. मुलांचे दोन गट करा, एक शाक्य, एक कोलिय, मध्ये खडूनं नदी. पाणी वाटून दाखवा म्हणा. आमच्या मुलांनी पाळ्या लावल्या आणि ज्याची बांधी शेवटची त्याला पहिली पाळी दिली. हे मला सुचलं नसतं.

वर्गात फक्त आपलीच मुलं असतील तर एक अवघड काम उरतं. जात वरून खाली येते तशी आपल्या ओट्यावरूनही पुढे खाली जाते. मांग, गोंड, वडार, कोणाला आपण काय म्हणतो? वसल सुत्तातली ओळ फळ्यावर लिहा, 'न जच्चा वसलो होति, न जच्चा होति ब्राह्मणो'. जन्मानं कोणी हीन होत नाही, जन्मानं कोणी ब्राह्मण होत नाही, कर्मानं होतो. मग विचारा, या आठवड्यात शाळेत खिचडी खाताना तुझ्या बाजूला कोण बसलं होतं, आणि कोण कधीच बसत नाही? पुढच्या आठवड्याचा गृहपाठ तोच, जो कधी बाजूला बसत नाही त्याच्याजवळ जाऊन बसायचं. काय झालं ते सांगायचं. कोणाला हाकललं तर तेही सांगायचं, आणि मग ते शाळेत मुख्याध्यापकांपर्यंत नेणं हे तुमचं काम, मुलाचं नाही.

मुलींच्या बाबतीत जुलै १९४२ ची नागपूरची परिषद सांगा. अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेला जोडूनच महिलांची वेगळी परिषद भरली होती, हजारो बाया आल्या होत्या, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. तिथंच बाबासाहेब म्हणाले होते की समाजाची प्रगती मी स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो. आपल्या गावातल्या कोणाची पणजी, आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर गेली होती का, हे मुलांना घरी विचारायला लावा. पायी, बैलबंडीनं, रेल्वेनं गेलेल्यांच्या आठवणी घराघरांत आहेत. त्या वहीत उतरवून घ्यायचं काम आत्ताच करावं लागेल, सांगणारे फार थोडे राहिले आहेत.

प्रतिज्ञा, देव आणि शेजारी

बावीस प्रतिज्ञा कधी शिकवायच्या, यावर माझं आणि आमच्या समितीचं एकमत नाही, ते जाहीरच आहे. माझं म्हणणं असं की मुलांना आधी नववी आणि दहावी प्रतिज्ञा द्या. माणसं समान आहेत आणि मी समतेसाठी झटेन. देवांबद्दलच्या पहिल्या प्रतिज्ञा १९५६ साली कोणत्या जाचातून सुटायला घेतल्या गेल्या, ते आठवी इयत्तेच्या पुढे, इतिहासासकट सांगा. कारण न सांगता पाठ करून दिल्या तर पोरगं ते शब्द घेऊन शेजारच्या घरचा गणपती चिडवायला जातं, आणि मग गावात जे होतं ते निस्तरायला भन्तेजींना बोलवावं लागतं. दुसऱ्याच्या देवाची टिंगल हे चौथ्या शीलात बसत नाही, एवढं सांगून मी पुढे जातो.

इतर समाजाची मुलं वर्गात आली तर आनंदानं घ्या, पण आधी त्यांच्या आईवडिलांना भेटा. वंदनेच्या वेळी त्यांना म्हणायची सक्ती नको, शांत बसली तरी चालतं. आमच्याकडे एक तेल्याचा मुलगा तीन वर्षं यायचा. पंचशील त्याचंच सगळ्यात शुद्ध होतं.

वर्षातून एक फेरी

जवळचं पाहा, लांबच्या सहलीला पैसे जमत नाहीत. पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात मोठा स्तूप सापडला. आपल्या वैनगंगेच्या काठी दोन हजार वर्षांपूर्वी लोकांनी दान देऊन हे उभं केलं, यावर मुलांचा विश्वास बसत नाही. चंद्रपूरकडच्यांना भद्रावतीची विजासन लेणी आहेत, नागपूरच्या उत्तरेला मनसर आहे. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चंद्रपूरलाही दीक्षा दिली होती, तिकडच्या मुलांना ते ठणकावून सांगा, त्यांना सगळं नागपूरलाच झालं असं वाटतं. दीक्षाभूमीला गर्दीच्या दिवशी लहान मुलांना नेऊ नका. डिसेंबरातल्या एखाद्या साध्या मंगळवारी न्या, बोधिवृक्षाखाली बसून डबा खाता येतो.

परीक्षा घेऊ नका, बक्षिसं वाटू नका. १४ एप्रिलच्या कार्यक्रमात मुलांनी भाषण पाठ करून म्हणावं असा आग्रह होईल. भाषणाऐवजी गडव्याची नाटिका बसवा, मोठ्यांनाही ती पाहायला हरकत नाही.

पहिल्या रविवारी लागेल ते सामान असं. दरी, खडू, जुना फळा, गडवा, हातात मावणारा आरसा, पाण्याचा गुंड आणि दोन ग्लास. हजेरीची वही ठेवा, पण ती मुलांनीच लिहायची. आणि फडा शनिवारी संध्याकाळीच शोधून ठेवा. विहारातला फडा कोणीतरी घरी नेलेला असतोच.